पाच पिवळे क्रेट

१

रंगाच्या बाबतीत माझा डोळा आजवर एकदाही चुकलेला नाही.

हे वाक्य मी कापड गिरणीच्या रंगखात्यात सदतीस वर्षं ऐकवलं, निवृत्तीच्या भाषणात दोनदा ऐकवलं आणि त्या बुधवारी भाऊजींच्या वाइनरीच्या आवारात, पंधरा-वीस कामगारांसमोर, पुन्हा एकदा ऐकवलं. त्या वेळी माझ्या डाव्या पायात निळा मोजा होता आणि उजव्या पायात काळा. ही गोष्ट ताईने जेवताना निदर्शनास आणून दिली. पण तोवर निकाल लागून गेला होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली एक लाल वाईन आहे. शंभर क्रेट काळी द्राक्षं आणि त्यांच्याबरोबर त्याच टाकीत पाच क्रेट पांढरी. दोन वाइनी वेगवेगळ्या करून मागाहून मिसळायच्या नाहीत. काळी आणि पांढरी पहिल्या दिवसापासून एकत्र आंबवायची. पांढरी म्हणजे प्रत्यक्षात पिवळसर हिरवी, पण या धंद्यात त्यांना पांढरी म्हणतात आणि वाद घालणाऱ्याला पाहुणा समजतात. ती आधी पिकतात, म्हणून शीतघरात बसून चार-सहा दिवस काळ्यांची वाट बघतात. काळ्यांचे क्रेट निळे, पांढऱ्यांचे पिवळे. गोंधळ व्हायला जागाच ठेवलेली नाही.

वाईन तयार झाली की भाऊजी तिची परीक्षा घेतात. वर्तमानपत्रावर पेला ठेवायचा आणि वरून बघायचं. खालचं अक्षर दिसलं नाही, तर वाईन पास. त्या बुधवारी मथळा दिसला. मथळ्याखालची बातमीही दिसली. पाणीपुरवठ्याची होती. मी ती पूर्ण वाचली.

भाऊजींचा चेहरा मात्र पेल्यापेक्षा लाल झाला होता. "यात कुणीतरी पांढरी घातलीत," ते म्हणाले. "पाच नाही. पुष्कळ. मास्तर, तुम्ही सांगा. किती?"

मी पेला उन्हात धरला, एक डोळा मिटला, मान तिरकी केली. हे सगळं आवश्यक नव्हतं, पण माणसं बघत होती.

"वीस क्रेट," मी म्हणालो. "एकानेही कमी नाही." आणि मग ते डोळ्याबद्दलचं वाक्य.

टाकीखोलीच्या किल्ल्या दोन. एक भाऊजींकडे, दुसरी टाकीबाईंकडे. टाकीबाई म्हणजे टाक्या धुणाऱ्या, भरणाऱ्या आणि उपसणाऱ्या बाई. बावीस वर्षं वाइनरीच्या मागच्या खोलीत राहतात. दोन महिन्यांपूर्वी, द्राक्षं टाकीत पडली त्याच आठवड्यात, पाइप फुटून थोडा रस वाया गेला होता. आता भाऊजींनी दोन आणि दोन चार केले. बाईंनी ती तूट उरल्यासुरल्या पांढऱ्या द्राक्षांनी भरून काढली. झालं.

"शनिवारपर्यंत खोली रिकामी करा," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

बाईंच्या हातात फरशीचा ब्रश होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मी घातली नाहीत." आणि जरा थांबून, "एकदा वास घेऊन बघा."

वास कुणी घेतला नाही. मला सर्दी होती आणि भाऊजींना राग.

"मास्तर," आत आल्यावर भाऊजी म्हणाले, "उगाच पोलीस वगैरे नको. घरातली गोष्ट आहे. तुम्ही तिच्याकडून कबुली लिहून आणा."

मी शर्टाच्या खिशाला पेन लावलं. चौकशी संपवायला चाललोय अशी माझी समजूत होती.

२

खोली एकच. पलंग, स्टोव्ह, खिडकीत धुतलेले रबरी बूट उलटे ठेवलेले.

"बस," मी म्हणालो.

तिच्याच खोलीत, तिच्याच खुर्चीकडे हात करून. बावीस वर्षं मी त्यांना 'बाई, तुम्ही' म्हणत आलो होतो. खिशाला पेन लागल्याबरोबर 'तू'वर आलो. हे आज लिहिताना कान गरम होतात. त्या दिवशी ते खणखणीत वाटलं होतं.

"चहा टाकू, मास्तर?"

"चौकशीत चहा नसतो."

"बरं. चौकशी झाल्यावर घ्या."

"पाइप फुटला तेव्हा किती रस गेला?"

"चार बादल्या. मीच मालकांना जाऊन सांगितलं. गपचूप पुसून टाकलं असतं, तर कुणाला कळलं असतं?"

हा मुद्दा वजनदार होता. मी तो लिहून घेतला नाही.

"पांढरी टाकीत कधी ओतलीस?"

"मी नाही ओतली. या वर्षी पहिल्यांदाच. माझी कंबर धरली होती. सकाळी आले तर मालक म्हणाले, बाई, पांढरी मी ओतलीत तळाला, तुम्ही वरचं काळ्यांचं बघा. एवढा मोठा माणूस, पाच क्रेट स्वतः उचलले. देवमाणूस हो. हे लिहा."

मी लिहिलं, 'मालक कनवाळू.'

मग खोली तपासली. लिहायला सोपं आहे म्हणून एका वाक्यात लिहितो. गादी उचलली, डबे उघडले, आणि त्या माझ्यामागून एकेक झाकण परत लावत आल्या. शेवटी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत पांढऱ्या कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या, प्रत्येकीला पिन आणि पिनेला वर्षाची चिठ्ठी. बावीस.

"हे काय?"

"नमुने. दरवर्षीच्या वाइनीत एक पट्टी बुडवून वाळवते. पहिल्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतं, गिरणीत रंगाचा नमुना कापडावर जपतात म्हणून. उन्हात ठेवायचा नाही, पत्र्याच्या डब्यात ठेवायचा."

मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. मी पुष्कळांना पुष्कळ सांगतो. ऐकणारं कुणी निघेल, ही शक्यता कधी धरली नव्हती.

पट्ट्या पलंगावर ओळीने मांडल्या. जुन्या तपकिरी झालेल्या, नव्या जांभळ्या, पण सगळ्या गडद. या वर्षीची फिकट, गुलाबीकडे गेलेली. आणि आणखी एक फिकट निघाली. नववी.

"हे कुठलं वर्ष?"

"ते गारांचं," बाई म्हणाल्या.

मला गारांशी देणंघेणं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणाने. वाईन पूर्वीही एकदा फिकी झाली होती. बाई तेव्हाही इथेच होत्या. किल्ली तेव्हाही त्यांच्याचकडे होती.

गुन्हा दुसऱ्यांदा घडला होता!

३

दुसऱ्या दिवशी मुकादमाला गाठायला कचेरीत गेलो. मुकादम म्हणजे मळ्यावरचा मुख्य माणूस. वेलीवरच्या द्राक्षांचा हिशेब तो घडाघडा सांगतो आणि घरच्या मुलांची वयं विसरतो. तो येईपर्यंत मी भिंत बघत बसलो. भिंतीवर जवळच्या शाळेतल्या मुलांनी काढलेली चित्रं लावली होती. खाली वेड्यावाकड्या अक्षरात 'काका, द्राक्षांबद्दल आभार.' मुलांच्या रंगज्ञानाची मला कीव आली. आठ चित्रं आणि आठही घोस पिवळे! काळ्या द्राक्षांच्या मळ्यातून एवढंच शिकून गेली. एका चित्रात एक मुलगा बिया थुंकत होता, तेवढं मात्र झकास जमलं होतं.

"पांढऱ्यांचं विचारताय?" मुकादम घाम पुसत आला. "मोजून पाच पिवळे क्रेट शीतघरात ठेवले. काळी आली त्या दिवशी पाचही रिकामे परत मिळाले."

"आणि उरलेली पांढरी? जास्तीची?"

"जास्तीची कुठून आणू? वरच्या उतारावर पांढऱ्याच्या चार ओळी आहेत फक्त. पाच क्रेट भरले की वेली झाडून रिकाम्या."

"वीस क्रेट तरी निघाले असतील."

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. वेड्याकडे पाहतात तसा आदर. "मास्तर, वीस काढायचे तर वेली दुसऱ्याच्या मळ्यातून चोरून आणाव्या लागतील. मुळांसकट."

माझे वीस क्रेट असे कचेरीच्या मध्यभागी हवेत विरून गेले. डोळा वाचवायला मी घाईघाईने विषय बदलला.

"आणि ते गारांचं वर्ष? तेरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा काळ्यांचं फार नुकसान झालं असेल."

"काळ्यांचं? छे. गारा वरच्या उतारावरच पडल्या. खाली नुसतं पाणी. काळी सगळी शाबूत."

"मग गेलं काय?"

"पांढरी," मुकादम म्हणाला. "त्या वर्षी एकही पिवळा क्रेट भरला नाही. वाईन नुसत्या काळ्यांची केली."

नुसत्या काळ्यांची. आणि पट्टी फिकट.

४

मी बाईंच्या खोलीवर गेलो तेव्हा त्या पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. गुरुवार संपत आला होता.

"पिळून झालेला चोथा कुठे टाकता?" मी विचारलं. यावेळी कुणाला बस म्हटलं नाही.

शेडच्या मागे साली आणि बियांचे ढीग होते. वेलींना खत म्हणून जाणार होते. या वाइनीच्या, म्हणजे दोन नंबरच्या टाकीचा ढीग उजवीकडचा. बाईंनी फावडं घेतलं, मी काठी घेतली, आणि चिलटांनी आम्हा दोघांना घेतलं.

"काय शोधायचंय?"

"पांढऱ्यांच्या साली. वीस नाहीत हे कळलं. पाचांच्या तरी हव्यात."

"हव्यातच. काळ्यांच्या सालीत वेगळ्या ओळखू येतात. भिजलेल्या कागदासारख्या, फिकट गुलाबी. दरवर्षी मूठभर उचलली तरी दोन-चार सापडतात."

आम्ही ढीग वरून उकरला, बाजूने उकरला, तळापर्यंत उकरला. माझे बूट घोट्यापर्यंत जांभळे झाले. काळी साल, काळी साल, बी, काळी साल. तासाभराने बाई फावड्यावर रेलून उभ्या राहिल्या.

"एक नाही हो, मास्तर."

"टाकीत वर तरंगून येणारी सालींची साय तुम्ही रोज खाली दाबत होता, तेव्हा दिसल्या नव्हत्या का?"

"नव्हत्या दिसल्या."

"वास?"

"जर्दाळूसारखा येतो एरवी. पांढऱ्यांचा. नव्हता आला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी फावड्याचं पातं गवतावर पुसलं. "मालक म्हणाले ओतलीत, म्हणजे ओतलीतच की. मला वाटलं, माझेच डोळे गेले आता. आणि नाकही. दोन महिने तेच चाललंय डोक्यात. बुधवारी तुम्ही वीस म्हणालात तेव्हा वाटलं, काय सांगावं, माझ्याच हातून काही झालं असेल. तुमचा डोळा चुकत नाही ना."

चिलटं हाकलायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

माझा डोळा! गिरणीत सदतीस वर्षं मी ज्या लाल रंगावर पोट भरलं, तो नुसता कापडावर टाकला तर दोन धुण्यांत वाहून जातो. आधी तुरटी लागते. तुरटीला स्वतःचा रंग नसतो, पण ती असली की लाल रंग कापडाला धरून बसतो आणि गडद होतो. नव्या उमेदवाराला हा धडा मी पहिल्याच दिवशी द्यायचो. बिनरंगाची वस्तू घातल्याने रंग फिका होतो असं समजणाऱ्याला मी सगळ्यांसमोर गाढव म्हणायचो.

पांढरी द्राक्षं त्या टाकीतली तुरटी होती. या वर्षी कुणी जास्त पांढरी घातली नव्हती. कुणीतरी पांढरी घातलीच नव्हती.

आणि 'पांढरी मी ओतलीत' असं सांगणारा माणूस या आवारात एकच होता.

५

शुक्रवारी सकाळी न्याहारीला मी पट्ट्यांचा डबा टेबलावर ठेवला. ताई पावाला लोणी लावत होती.

"आली का कबुली?" भाऊजींनी विचारलं.

"अजून नाही. तुम्ही दिलीत की येईल."

भाऊजींचा चमचा बशीत पडला. मी नववी पट्टी आणि बाविसावी पट्टी शेजारी शेजारी ठेवली. गारा सांगितल्या, चोथा सांगितला, तुरटी सांगितली. त्या वर्षीची वाईन गारांमुळेच फिकी झाली, असं भाऊजी आजवर धरून बसले होते. तुरटीच्या ठिकाणी मी नेहमीपेक्षा भरभर बोललो.

"आणि ती पाच क्रेट पांढरी," मी म्हणालो, "शाळेतल्या मुलांनी खाल्ली. मुलांना घोसाचा रंग कळत नाही असं मला वाटलं होतं. त्यांनी जे खाल्लं तेच काढलं."

लोणी विरघळत होतं.

"फेकवेनात," भाऊजी शेवटी पुटपुटले. "खायची वस्तू. गाडीत घालून दुपारी शाळेत देऊन आलो."

"पण का?" ताईने विचारलं.

"मागच्या वर्षी ते चाखण्याचं प्रदर्शन होतं ना. एक मोठा चाखणारा आला होता. कोटबीट. घोट घेतला, मान डोलावली, म्हणाला सुरेख. मी आपलं कौतुकाने सांगायला गेलो, यात पांढरी असतात, वडिलांची पद्धत आहे. तर तो शेजाऱ्याला म्हणतो, बघा, लालमध्ये पांढऱ्याचं पाणी घालतात आणि त्याला परंपरा म्हणतात! सगळे हसले. मीसुद्धा हसलो." त्यांनी चमचा उचलून सरळ ठेवला. "मास्तर, मला त्या दिवशी बापाची लाज वाटली. म्हटलं, गुपचूप काढून टाकू. एकदम काळीभोर झाली की मग सांगू सगळ्यांना."

"आणि फिकी निघाल्यावर?"

"तुम्हीच विचार करा! मी पाच काढून टाकले. तरी फिकी. म्हणजे कुणीतरी मागून घातलेच असणार ना? भरपूर घातले असणार! सांगताही येईना, कारण सांगायचं तर आधी माझे पाच सांगावे लागणार." ते एकदम माझ्याकडे वळले. "तरी मला थोडी शंका होती. खरंच होती. मग तुम्ही छातीठोकपणे वीस म्हणालात."

म्हणालो होतो. चोर शोधायला निघालेला मी, चोराला शंका आली तेव्हा ती फेडून दिली होती. तीही आकड्यानिशी.

ताईने सुरी खाली ठेवली. "धाकट्या," ती म्हणाली. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, पण ती धाकट्या म्हणाली की मी सात वर्षांचा होतो. "ती बाई काल दुपारी माझ्याकडे येऊन गेली. निरोप घ्यायला. मला काय म्हणाली सांगू? ताई, टाकीखोलीची किल्ली तुमच्याकडे ठेवते, मालकांना द्यायला गेले तर त्यांना वाईट वाटेल."

भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुम्ही दोघं मिळून एक शहाणा माणूस होत नाही," ताई म्हणाली. "उठा आता. पाव नंतर."

६

खोलीपर्यंतची वाट शंभर पावलांची. आम्ही ती बराच वेळ चाललो. मध्ये भाऊजी थांबले आणि काय बोलायचं ते घोकू लागले. मीही घोकलं. दोघांनाही पहिलं वाक्य जमत नव्हतं, म्हणून आम्ही दुसरं वाक्य घोकत पोचलो.

दार उघडं होतं. खोली बोडकी झाली होती. भिंतीवर नुसते खिळे. बाई जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात गादी आणि कपड्यांचं भलंमोठं बोचकं. तोंड सुतळीने शिवून पक्कं केलेलं. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. आत यायला पाय उचलेना आणि परत फिरायला ताईची भीती.

"बाई," भाऊजी म्हणाले, "पांढरी मी घातलीच नव्हती."

आणि मग सगळं सांगितलं. शीतघर, शाळा, तो कोटवाला, सगळे हसले ते, स्वतः हसले ते. घोकलेलं काहीच आलं नाही. मधेच त्यांचा आवाज गेला. तो परत येईपर्यंत आम्ही तिघं थांबलो.

"आणि मी," मी म्हणालो, "वीस म्हणालो. एक पेला बघून वीस. तुमच्या खोलीत शिरलो, डबे उघडले. तुम्हाला तू म्हणालो."

"ते लक्षात आलं होतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी हातावर हात ठेवले.

"म्हणजे माझे डोळे चांगलेत," त्या हळूच म्हणाल्या.

"एकदम चांगले," भाऊजी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगले. बाई, जाऊ नका. तुम्हाला काय हवं ते सांगा. काहीही."

"आवारात बोलला होतात, मालक. सगळ्यांसमोर. हेही तिथेच सांगा. सोमवारी. माणसं पुरती जमल्यावर. मुकादमालाही थांबवून घ्या."

"सांगतो."

"पांढऱ्यांचंही सांगा. थोरल्या मालकांची पद्धत बरोबर होती म्हणून."

भाऊजींनी मान हलवली. हनुवटी वर आली नाही.

"मास्तरही बोलतील," त्या म्हणाल्या.

"बोलेन," मी म्हणालो. डोळ्याबद्दलचं ते वाक्य परत कसं घ्यायचं याचा मी विचार करू लागलो. सदतीस वर्षांत ते कधी परत घेतलं नव्हतं, त्यामुळे पद्धत माहीत नव्हती.

बाईंनी कात्री घेतली, बोचकं मांडीवर ओढलं आणि सुतळीचा पहिला टाका शोधू लागल्या. एकदा बोटाने चाचपला, दुसऱ्यांदा चाचपला. मग आम्हा दोघांकडे मान वर करून पाहिलं. दारात खांद्याला खांदा लावून आम्ही उभे, डोळे ओले, आणखी काही तरी मोठं मागतील म्हणून ताटकळलेले.

"काय हवंय, बाई?" भाऊजी पुढे वाकले. "बोला."

"जरा बाजूला होता का?" बाई म्हणाल्या. "उजेड अडतोय."